रिहॅबचं लायसन्स बघायच्या सरकारी साईट्स, अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा कुठल्या एका रिहॅबचा रिव्ह्यू नाहीये. तसले रिव्ह्यू ऑनलाईन ढिगाने पडलेत आणि त्यातले खरे किती ते देव जाणे. मी लिहितोय ते रिहॅब आणि मेंटल हेल्थ सेंटर्सना परवानगी देणाऱ्या स्टेटच्या साईट्सबद्दल, जिथे तुम्ही आम्ही फुकटात बघू शकतो की या सेंटरला लायसन्स आहे का, कशाचं आहे आणि मागच्या तपासणीत काय सापडलं. घरातल्याच मुलासाठी, माझ्या पुतण्यासाठी, हे सगळं खणून काढावं लागलं, दारूचा प्रश्न आणि त्याच्या जोडीला अँग्झायटी, आणि तेव्हा जाणवलं की आपल्याकडे याबद्दल कोणी बोलतच नाही, चांगला डेंटिस्ट सुचवा म्हटलं की मंडळाच्या ग्रुपवर धडाधड मेसेज येतात आणि रिहॅबचं नाव काढलं की सगळे गप्प. ज्याच्या घरात हे चाललंय तो एकटाच रात्री दोन वाजता गूगल करत बसलेला असतो, आणि नेमकं त्या वेळी माणूस फसतो.

तर मुळात एक गोष्ट कळली पाहिजे, अमेरिकेत रिहॅबला अख्ख्या देशाचं असं लायसन्स नसतं. सगळा कारभार स्टेटचा. अपवाद म्हणजे मेथाडोन (हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध) देणारी क्लिनिक्स, त्यांना साम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्याचं काम बघणाऱ्या फेडरल संस्थेचं सर्टिफिकेशन, डीईए म्हणजे ड्रग्जवर नियंत्रण ठेवणाऱ्या फेडरल खात्याचं रजिस्ट्रेशन आणि वर बाहेरच्या संस्थेने दर्जा तपासून दिलेलं अ‍ॅक्रेडिटेशन लागतं. बाकी सगळ्यांसाठी स्टेट बदललं की खातं बदललं, नियम बदलले, शब्दसुद्धा बदलले. कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीचं काम डिपार्टमेंट ऑफ हेल्थ केअर सर्व्हिसेसकडे, फ्लोरिडात डिपार्टमेंट ऑफ चिल्ड्रन अँड फॅमिलीजकडे, अ‍ॅरिझोनात हेल्थ सर्व्हिसेसकडे, टेक्ससमध्ये हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस कमिशनकडे. न्यूयॉर्कमध्ये तर व्यसनासाठी ओएसिस आणि मानसिक आजारासाठी ओएमएच अशी दोन वेगळी ऑफिसं. म्हणजे एखादं सेंटर म्हणत असेल की आम्ही दारू पण सोडवतो आणि डिप्रेशनची ट्रीटमेंट पण देतो, तर कदाचित दोन ठिकाणी चेक करावं लागेल, एकाच ठिकाणी बघून समाधान मानू नका.

सुरुवात कुठून करायची, तर फाइंडट्रीटमेंट डॉट गव्ह. ही साम्साची साईट, सरकारी, जाहिरात नाही, तुमचा फोन नंबर मागत नाही, पिनकोड टाकला की आजूबाजूची सेंटर्स दिसतात आणि फिल्टर चांगले आहेत, इन्शुरन्स कुठला चालतो, औषधं देतात का, तरुण मुलांसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे का, कुठल्या भाषा बोलतात. प्रायव्हेट डिरेक्टऱ्यांवर हेल्पलाईन म्हणून जो नंबर असतो तो बऱ्याचदा पैसे भरलेल्या सेंटरच्या कॉल सेंटरला जातो, इथे तसला प्रकार नाही, यासाठी पाच पैकी चार. एक स्टार कापला कारण इथली माहिती सेंटरने स्वतः सर्व्हेत भरून दिलेली असते. तपासणीत काय सापडलं, तक्रारी किती, लायसन्स कधी संपतंय, यातलं काही तिथे नसतं. यादी करायला उत्तम, निर्णय घ्यायला अपुरी.

आता कॅलिफोर्निया, कारण आमचा सगळा घोळ तिथलाच. हेल्थ केअर सर्व्हिसेस खात्याच्या साईटवर लायसन्स असलेल्या सगळ्या रेसिडेन्शियल म्हणजे राहून उपचार घ्यायच्या सेंटर्सची आणि सर्टिफाइड प्रोग्रॅम्सची यादी मिळते, चक्क स्प्रेडशीट. दिसायला रटाळ पण कामाची आहे. त्यात सेंटरचं नाव, ते चालवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता, किती माणसं ठेवायची परवानगी, लायसन्स कधी संपतं, आणि आयएमएस (ते काय ते पुढे सांगतो) आहे की नाही हे सगळं आहे. शेवटचा कॉलम लोकं बघतच नाहीत, आणि माझ्या मते दारूच्या केसमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा. कॅलिफोर्नियातलं हे रेसिडेन्शियल लायसन्स मुळात नॉन-मेडिकल असतं. म्हणजे समुपदेशन, ग्रुप, देखरेख हे सगळं आहे, पण डॉक्टरी उपचार त्या लायसन्समध्ये येत नाहीत. २०१६ पासून स्टेटने इन्सिडेंटल मेडिकल सर्व्हिसेस म्हणजे आयएमएस नावाची वेगळी मंजुरी सुरू केली, ती असेल तरच त्या जागेत डॉक्टरच्या देखरेखीखाली काही मेडिकल गोष्टी करता येतात. आता दारू भरपूर आणि रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, डेलिरियम ट्रेमेन्स म्हणजे भ्रम आणि थरथर होऊ शकते, माणूस दगावू शकतो. म्हणून ‘आम्ही डिटॉक्स करतो’, म्हणजे शरीरातून दारू उतरवतो, हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न ‘आयएमएस आहे का’ हाच पाहिजे. आमच्या वहिनीने हे काहीच न वाचता फक्त आईच्या काळजीने विचारलं होतं, ‘भावजी, रात्री तिथे नर्स असेल ना?’, आणि मी आज सांगतो, सगळ्या प्रश्नांत तो प्रश्न सगळ्यात बरोबर होता. नॉन-मेडिकल डिटॉक्समध्येही पहिल्या ७२ तासांत माणसाला दर ३० मिनिटांनी जाऊन बघायचा नियम आहे, हे विचारा, आणि त्याची नोंद कुठे ठेवता तेही विचारा. ज्यांच्याकडे हे खरंच केलं जातं ते लोक लगेच सांगतात, आडवळणाने बोलत नाहीत.

दुसरा मुद्दा पत्त्याचा. एका सेंटरची वेबसाईट बघितली, समुद्रकिनाऱ्याचा बंगला, पूल, ‘स्टेट लायसन्स्ड’ असं ठळक लिहिलेलं. लायसन्स नंबर मागितला, दिलासुद्धा, यादीत सापडलासुद्धा. फक्त पत्ता दुसऱ्याच घराचा होता. फोनवर विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, सर, तो आमचाच आहे, आमची अनेक घरं आहेत. घरं असतील हो, पण ज्या घरात माझा पुतण्या झोपणार त्या घराचं लायसन्स दाखव ना. २०१८ च्या एबी ३१६२ या कायद्याने कॅलिफोर्नियात हे स्पष्ट केलंय की लायसन्सवर ज्या सेवा लिहिल्यात त्या लायसन्सवर लिहिलेल्या पत्त्यावरच द्यायच्या. त्याच कायद्याने पहिल्यांदा मिळणारं लायसन्स एक वर्षासाठी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं केलं, म्हणजे नवीन सेंटर असेल तर तेही लक्षात ठेवा. त्या माणसाने शेवटपर्यंत त्या पत्त्याचा नंबर दिला नाही आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

या पत्त्याच्या भानगडीचं मूळही समजून घेण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात सहा किंवा कमी माणसं राहणाऱ्या लायसन्सवाल्या घराला झोनिंगसाठी, म्हणजे कुठल्या जागेत काय चालवता येतं त्या नियमांसाठी, साध्या कौटुंबिक घरासारखंच धरतात, त्यामुळे कंपन्या एकेका गल्लीत सहा-सहा बेडची घरं घेतात आणि प्रत्येकाचं वेगळं लायसन्स काढतात. यात बेकायदेशीर काही नाही. पण त्याच्याच शेजारी सोबर लिव्हिंग होम, म्हणजे व्यसन सोडलेल्यांनी एकत्र राहायचं घर, असू शकतं, आणि ट्रीटमेंट देत नसेल तर त्याला कॅलिफोर्नियात लायसन्स लागतच नाही. सोबर लिव्हिंग वाईट असतं असं अजिबात म्हणत नाही, ट्रीटमेंट संपल्यावर कितीतरी लोकांना त्याचा खरा आधार होतो, पण तिथे उपचार मिळतात असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा. दिवसा एका जागी ट्रीटमेंट, रात्री दुसऱ्या जागी झोप, आणि बिल तिसऱ्याच नावाने, असं असेल तर तिन्ही नावं लिहून घ्या.

कॅलिफोर्नियाच्या यादीला मी तीनच स्टार देईन. तपासणीत काय निघालं ते त्या स्प्रेडशीटमध्ये नाही, आणि २०२४ मध्ये स्टेटच्या ऑडिटरनेच अहवालात लिहिलं की तपासण्या आणि तक्रारींची चौकशी वेळेवर होत नाही. गंमत म्हणजे त्याच स्टेटमध्ये सोशल सर्व्हिसेस खात्याचं कम्युनिटी केअर लायसन्सिंग आहे, मेंटल हेल्थची काही रेसिडेन्शियल सेंटर्स त्यांच्याकडे येतात, आणि त्यांच्या सर्चमध्ये भेटींचे रिपोर्ट, तक्रारी, चुका सगळं मिळतं. चूक टाइप ए असेल तर माणसाला ताबडतोब धोका, टाइप बी म्हणजे पुढे धोका होऊ शकतो असं. एकाच स्टेटमध्ये एक खातं हे दाखवतं आणि दुसऱ्याच्या यादीत ते नाही, हे मला पटत नाही. ज्या आईबापाला मुलाला ठेवायचंय त्याला खात्यांच्या हद्दीशी काय देणंघेणं.

अ‍ॅरिझोनाची साईट सगळ्यात चांगली, एझेड केअर चेक. सेंटरचं नाव टाका, लायसन्सचा प्रकार, तपासण्या, सापडलेल्या त्रुटी, दंड, कारवाई, सगळं एका जागी. २०१८ च्या कायद्यानंतर तिथे सोबर लिव्हिंग होमलाही लायसन्स लागतं, म्हणजे कॅलिफोर्नियापेक्षा एक पाऊल पुढे. वापरायला सोपी, फोनवरही नीट चालते, पाच पैकी साडेचार. आणि तरीसुद्धा त्याच अ‍ॅरिझोनात एवढा मोठा घोटाळा झाला की वाचून झोप लागत नाही. मे २०२३ मध्ये गव्हर्नर केटी हॉब्स आणि अ‍ॅटर्नी जनरल क्रिस मेज यांनी जाहीर केलं की बिहेवियरल हेल्थच्या, म्हणजे व्यसन आणि मानसिक उपचार देणाऱ्या, शंभरहून जास्त प्रोव्हायडर्सचे सरकारी पैसे थांबवतोय. झालं होतं असं की नेटिव्ह अमेरिकन लोकांना, नावाहो आणि इतर जमातींच्या, अगदी मोंटानासारख्या लांबच्या स्टेटमधूनसुद्धा, जेवण, राहणं, ट्रीटमेंटचं आमिष दाखवून गाड्यांतून फिनिक्सच्या आसपासच्या घरांत आणायचे, आणि मग मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) अमेरिकन इंडियन हेल्थ प्रोग्रॅममधून त्यांच्या नावाने न दिलेल्या थेरपीची बिलं काढायची. कित्येक घरांत तर लोकांना दारू आणि ड्रग्ज मिळत राहिल्याच्या तक्रारी आहेत. कुणी हरवलं, कुणी मेलं. नावाहो नेशनने आपल्या माणसांना शोधून परत आणायला ऑपरेशन रेनबो ब्रिज सुरू केलं. नुकसानीचा सरकारी अंदाज २.५ अब्ज डॉलरपर्यंत गेला.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की त्यातल्या अनेक धंद्यांकडे स्टेटचा कुठला ना कुठला कागद होता. आउटपेशंट म्हणजे येऊन-जाऊन उपचार देणाऱ्या क्लिनिकचं लायसन्स आहे, मेडिकेडकडे नोंदणी आहे, आणि माणसं ठेवलीत मात्र लायसन्स नसलेल्या घरात. म्हणून ‘लायसन्स आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. कशाचं आहे, कुठल्या पत्त्याचं आहे, आणि शेवटचं कोणी सरकारी माणूस कधी आत जाऊन बघून आला, हे तीन प्रश्न एकत्रच विचारायचे. माझ्या या सगळ्या उद्योगातून हातात आलेली गोष्ट हीच, बाकी सगळं तपशील आहे.

फ्लोरिडाबद्दल थोडक्यात. २०१६-१७ च्या आसपास तिथे ‘फ्लोरिडा शफल’ म्हणून प्रकार गाजला, आईवडिलांच्या इन्शुरन्सवर २६ वर्षांपर्यंत राहता येतं ना, अशी तरुण मुलं एका सोबर होममधून दुसऱ्यात फिरवायची, लघवीच्या टेस्टची अवाच्या सवा बिलं लावायची, मुलगा परत प्यायला लागला की उलट नवीन बिल सुरू. पाम बीच काउंटीत टास्क फोर्स बसली, कायदे कडक झाले. आज तिथे सोबर होमला सर्टिफिकेशन ऐच्छिक असलं तरी लायसन्सवालं सेंटर सर्टिफिकेट नसलेल्या घरात पेशंट पाठवू शकत नाही, हा नियम जुलै २०१६ पासून आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. लायसन्स बघताना फ्लोरिडात एक गोष्ट जरूर बघा, रेग्युलर आहे की प्रोबेशनरी (तात्पुरतं), कारण नव्या सेंटरला आधी ९० दिवसांचं प्रोबेशनरी मिळतं. आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून फेडरल कायदाही आहे, एक्रा, पेशंट आणून देण्यासाठी कमिशन घेतलं किंवा दिलं तर १० वर्षांपर्यंत तुरुंग आणि प्रत्येक वेळेला २ लाख डॉलरपर्यंत दंड. त्यामुळे कोणी फोनवर म्हणालं की विमानाचं तिकीट आम्ही काढतो, भाडं माफ, तुम्ही फक्त पीपीओ इन्शुरन्स कार्डचा फोटो पाठवा, तर फोन ठेवून द्या.

पेनसिल्व्हेनियात व्यसनमुक्तीसाठी वेगळं खातंच आहे, डीडॅप, आणि त्यांचे तपासणी रिपोर्ट ऑनलाईन वाचता येतात, सेंटरने काय सुधारणा करणार ते लिहून दिलेलं असतं त्यासकट. मला हे वाचायला आवडले असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण सेंटर कसं चालतं ते ब्रोशरपेक्षा इथे कळतं. टेक्ससवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे १९९७ पासून निव्वळ धार्मिक मार्गाने व्यसन सोडवणाऱ्या संस्थांना लायसन्समधून सूट मिळू शकते, त्या फक्त नोंदणी करतात आणि मेडिकल डिटॉक्स करू शकत नाहीत. श्रद्धा ज्याची त्याची, पण डिटॉक्सची गरज असेल तर तिथे आधी जाऊ नका.

रिपोर्ट कसे वाचायचे याबद्दल. एकही त्रुटी नाही म्हणजे सेंटर भारी, असं नसतं, कदाचित बऱ्याच दिवसांत कोणी तपासायलाच गेलं नसेल, म्हणून तारीख आधी बघा. फॉर्मवर सही राहिली, फ्रीजचं तापमान लिहिलं नाही, असल्या गोष्टी चालणाऱ्या संस्थेत होतात. पण औषधांचा हिशेब लागत नाही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली नाही, रात्रपाळीला माणूस कमी, आल्यावर पेशंटची तपासणी वेळेत झाली नाही, यातलं काही दिसलं तर थबका. आणि तीच त्रुटी पुढच्या तपासणीतही परत दिसली तर मी तरी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही. दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनचा गोल्ड सील किंवा कार्फचा बिल्ला वेबसाईटवर चमकत असतो, तो चांगलाच, दोन्ही संस्था जुन्या आहेत, जॉइंट कमिशन १९५१ ची आणि कार्फ १९६६ ची, पण अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे लायसन्स नव्हे, आणि बिल्लाही त्यांच्या साईटवर जाऊन खरा आहे का बघता येतो. काउन्सेलरचंही तसंच, कॅलिफोर्नियात रजिस्टर्ड म्हणजे अजून शिकतोय, सर्टिफाइड म्हणजे पूर्ण झालाय. दोघंही काम करू शकतात, पण सगळेच रजिस्टर्ड असतील तर विचारा की त्यांच्यावर देखरेख कोण करतं.

आपल्या आईवडिलांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर माहिती न मिळण्याचा. पैसे आपण भरतोय, इन्शुरन्स आपला, आणि फोन केला तर रिसेप्शनवाली म्हणते की अशी कोणी व्यक्ती इथे आहे की नाही तेही मी सांगू शकत नाही. दादा, पुतण्याचे वडील, तर भयंकर चिडला होता. पण हे सेंटर काहीतरी लपवतंय म्हणून नाही, ४२ सीएफआर पार्ट २ नावाचा फेडरल नियम आहे, व्यसनाच्या उपचारांची माहिती पेशंटच्या लेखी संमतीशिवाय बाहेर जाऊ नये म्हणून, कारण एकेकाळी लोक नोकरी जाईल, पोलीस येतील या भीतीने उपचारच घ्यायचे नाहीत. उपाय सोपा आहे, भरती होतानाच मुलाला संमतीच्या फॉर्मवर आईचं किंवा वडिलांचं नाव घालायला सांगा, काय सांगायचं आणि काय नाही तेही त्यात ठरवता येतं. उलट कोणी फोनवर परक्या माणसाला भराभरा पेशंटची माहिती सांगत असेल तर ते सेंटर टाळा. आणि हे सगळं शोधायला वेळ असेल तेव्हाच, जीवाला आत्ता धोका वाटत असेल तर ९११, मनात मरायचे विचार असतील तर ९८८, लायसन्स नंतर बघू.

तक्रार करायची सोय जवळपास प्रत्येक स्टेटच्या साईटवर आहे आणि ती वापरा असं मी कळकळीने सांगतो. आपली माणसं करत नाहीत, बाहेर कळेल, मुलाचं नाव खराब होईल, आता बाहेर पडलाय ना मग जाऊ दे. बऱ्याच स्टेटमध्ये नाव न देताही करता येते, फक्त नाव दिलं तर ते परत तुमच्याशी बोलू शकतात. लिहिताना राग कमी आणि तपशील जास्त ठेवा, कुठलं घर, पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, कुठल्या रात्री, कोण ड्युटीवर होतं, काय औषध दिलं किंवा दिलं नाही. ‘तिथे फार वाईट वागवतात’ यावर इन्स्पेक्टर काही करू शकत नाही, पण ‘अमुक तारखेला रात्री घरात एकही कर्मचारी नव्हता’ यावर नक्की करू शकतो. तक्रारीचा नंबर मिळाला की जपून ठेवा, उत्तर यायला महिनेही लागतात, मधूनमधून विचारत राहा. आमची त्या पत्त्याबद्दलची तक्रार दिली आहे, चौकशी सुरू आहे एवढंच पत्र आलंय. पुतण्या दुसऱ्या सेंटरमध्ये गेला, तिथे आयएमएस होतं, पत्ता जुळत होता, आणि रात्री नर्स होती.